तुमच्या पुस्तकातला ग्राहक आमच्या गावात राहत नाही

प्रति,
मा. सदस्य, गृहविज्ञान आणि अन्नशास्त्र अभ्यास मंडळे,
विदर्भातील सर्व विद्यापीठे

विषय : अन्न आणि ग्राहक या विषयांची प्रात्यक्षिकं आठवडी बाजारात, बचत गटात आणि वावरात नेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच शाखेची माजी विद्यार्थिनी. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गृहविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले. अन्नशास्त्र आणि पोषण हे माझे मुख्य विषय. सध्या गावातच बचत गटातल्या बायकांसोबत हळद, तिखट आणि मसाले दळून, पाकिटात भरून विकते. पाकिटावर काय छापायचं, हळद किती वाळली म्हणजे बुरशी लागणार नाही, हे मला कळतं ते याच शिक्षणामुळे. तेव्हा माझी तक्रार शिक्षणाविरुद्ध नाही. जे शिकले ते ज्यांच्या कामी पडायला हवं होतं, त्यांची नावनिशाणी अभ्यासक्रमात कुठेच नव्हती, ही तक्रार आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीची रचना बदलली. क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, समाज सहभाग असे नवे रकाने आले आणि त्यांना क्रेडिटही मिळाले. रकाने चांगलेच आहेत. पण ते कशाने भरायचे हे ठरवणं तुमच्या हाती आहे. तुम्ही ठरवलं नाही तर झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतातच. स्पायरल बाइंडिंगसकट.

आमच्या वेळी ‘ग्राहक शिक्षण’ हे प्रकरण सत्राच्या शेवटी घाईघाईत उरकलं. टिपा लिहा : दर्जाच्या खुणा, म्हणजे आयएसआय, ॲगमार्क (शेतमालासाठीची), एफपीओ. एफपीओ म्हणजे १९५५ चा फळ उत्पादन आदेश. अन्न सुरक्षा कायदा २००६ साली झाला, ऑगस्ट २०११ पासून लागू झाला आणि हा जुना आदेश त्यात विरून गेला. आमच्या नोट्समध्ये मात्र तो ठणठणीत होता आणि त्यावर मार्कही मिळत होते. ॲगमार्कची केंद्रीय प्रयोगशाळा नागपुरात आहे, हे मला पदवी हातात पडल्यावर कळलं. एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल इतकं ते अंतर. आमची सहल गेली वॉटर पार्कला.

त्या प्रकरणातला ग्राहक फ्रिज घेतो, मिक्सर घेतो, सोफ्याचं कापड निवडतो. वॉरंटी कार्ड जपून ठेवतो. असा ग्राहक असतो, नाही असं नाही. आता खेड्यातही फ्रिज आले. पण आमच्या घरांत वर्षाची सगळ्यात मोठी खरेदी फ्रिजची नसते. ती मे-जूनमध्ये होते, कृषी केंद्राच्या काउंटरवर, अर्धी उधारीत : बियाणं, खत आणि फवारणीचं औषध. त्या खरेदीसाठी घरातल्या बाईची पोत गहाण पडते, त्या बियाण्याची टोबणी तीच करते, ते उगवलं नाही तर दुबार पेरणीला पुन्हा तीच वाकते. आणि ‘ग्राहक शिक्षण’ शिकून त्याच घरात परत आलेल्या पोरीला बियाण्याच्या पिशवीवरची पाटी वाचता येत नाही.

वाचण्यासारखं त्यात खूप आहे. प्रमाणित बियाण्याला निळा टॅग असतो, पायाभूत बियाण्याला पांढरा, आणि कंपनीने स्वतःच्या हमीवर विकलेल्या ‘सत्यप्रत’ बियाण्याला हिरवा. टॅगवर लॉट नंबर असतो, उगवणशक्ती असते, मुदत असते. सोयाबीनची उगवण किमान ७० टक्के हवी, हा नियम आहे. ती घरी तपासता येते : गोणपाट भिजवायचं, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल मोडू द्यायची नाही, काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली आले तर दुकानदाराशी बोलायला तोंड आहे. कृषी सहायक हे दरवर्षी सांगतात, पण गड्यामाणसांच्या सभेत सांगतात. गोणपाट भिजवून दाणे मांडायचं काम घरात कोण करणार, हे सभेला ठाऊक असतं; बोलावणं मात्र तिला नसतं.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला होता. ज्यांनी पिशवी, टॅग, पक्कं बिल आणि मूठभर बियाणं जपून ठेवलं होतं, त्यांच्या तक्रारीला पाय होते. बाकीच्यांनी पिशवी कधीच फाडून चुलीत घातली होती. शेतकरी ग्राहक आहे की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात जानेवारी २०१२ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे. नमुना प्रयोगशाळेत का नाही पाठवला, असा आक्षेप होता. त्यावर न्यायालयाचं म्हणणं असं की शेतकरी आणलेलं सगळं बियाणं पेरून टाकतो, पुढे वाद होईल म्हणून थोडं बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. हा निकाल ग्राहकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर असायला हवा. माझ्या पुस्तकात तो नव्हता. आजच्या मुलींच्या वह्या मी चाळते, त्यांतही मला तो सापडला नाही.

औषधाच्या बाटलीचंही तेच. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. बाटलीवरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा दिसला की ‘हे साधं औषध’ असं आमच्याकडे सर्रास समजलं जातं. तो सगळ्यात कमी विषारी आहे एवढाच त्याचा अर्थ, ते विषच आहे. बाटलीसोबतची माहितीपत्रिका इतक्या बारीक अक्षरात असते की चष्मा असलेल्यालाही उन्हात धरावी लागते. आता सांगा, फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे घरात कोण धुतं? कशासोबत धुतं? रिकामा डबा धुऊन त्यात मीठ कोण भरतं? वस्त्रशास्त्राच्या पेपरात मी रेशीम आणि लोकर कशी धुवायची ते तपशिलात लिहिलं होतं. फवारणीचे कपडे वेगळे ठेवायचे, वेगळे धुवायचे, लेकरांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत, ही ओळ त्या अख्ख्या पेपरात नव्हती. लोकरीचा स्वेटर आमच्याकडे निघतो तो डिसेंबर-जानेवारीत.

अन्नाच्या प्रात्यक्षिकांबद्दलही लिहायचं आहे. पहिल्याच वर्षी आम्ही व्हाइट सॉस केला. मैदा, लोणी, दूध, आणि सामान आपापल्या घरून आणायचं. बटरचं पाकीट किती रुपयांना पडतं हे शेतमजुराच्या पोरीला विचारा. व्हाइट सॉस का शिकवतात ते मला कळतं : पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, द्रव घट्ट होतो, पीठ नीट सुटं केलं नाही तर गुठळ्या होतात. पण हे सगळं आमच्या बेसनात, म्हणजे पिठल्यात आहे, अंबिलीत आहे. आणि त्याहून सुंदर उदाहरण भाकरीचं आहे. गव्हाची कणीक ग्लुटेनने धरून राहते. ज्वारीत ग्लुटेन नाही. मग भाकर थापताना तुटत का नाही? कारण आई पिठात कढत पाणी घालते, थोडा स्टार्च तिथेच शिजतो आणि तोच चिकटपणा भाकर बांधून ठेवतो. जुनं पीठ असलं की भाकरीला चिरा जातात, तेव्हा ती आणखी कढत पाणी घेते. तिला कारण ठाऊक नाही, उपाय ठाऊक आहे. मला पदवीच्या तीन वर्षांत कारण कोणी सांगितलं नाही, ते मी नंतर वाचून जुळवलं. एका तव्यावर, पाच रुपयांच्या पिठात जे प्रात्यक्षिक होतं, त्यासाठी ओव्हन लागत नाही.

आहाराचा तक्ता करायला सांगतात तोही असाच. ‘बैठे काम करणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीसाठी एक दिवसाचा आहार आखा.’ हा प्रश्न दरसाल ठरलेला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या (आयसीएमआर-एनआयएन) २०२० च्या शिफारशींप्रमाणे बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० किलोकॅलरी लागतात, मध्यम श्रमाच्या बाईला २१३०, आणि जड श्रमाच्या बाईला २७२०. म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या बाईत हजाराहून जास्त कॅलरींचा फरक. आमच्या वर्गातल्या बहुतेक मुलींच्या आया तिसऱ्या ओळीतल्या. निंदण, वेचणी, पाणी, सरपण. सकाळी काळा चहा, कापसाच्या वावरात अकराच्या सुमाराला भाकर, जवसाची चटणी आणि कांदा, आणि त्यानंतर थेट रात्रीचं जेवण. मजुरी किलोवर असली की दुपारी बसून खायलाही जीव होत नाही. बसलं तेवढा कापूस कमी. या बाईचा आहार आखा म्हणावं. चीज नको, पनीर नको. घरात जवस आहे, तूर आहे, परसात शेवगा आहे, पावसाळ्यात तरोट्याची रानभाजी आहे, एवढ्यात आखा आणि तिच्या रोजच्या मजुरीत बसवा. असा प्रश्न एकदा परीक्षेत येऊ द्या. मुली उत्तर लिहितील आणि घरी जाऊन आईला सांगतीलही.

सोयाबीनची गोष्ट तर हसावं की रडावं अशी. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं, २० टक्के तेल. विदर्भाच्या खरिपाचा मोठा भाग आता सोयाबीनवर चालतो. शेतकरी ते पोत्यांनी बाजार समितीत नेतो आणि येताना पामतेलाचं पाकीट घेऊन येतो. कोणी तरी कुठे तरी ऐकतं की सोयाबीन पौष्टिक, मग बाई कच्चंच गव्हात टाकून दळून आणते. पोळीला वास येतो, लेकरांची पोटं फुगतात, आणि ‘सोयाबीन आपल्याला मानवत नाही’ असा निकाल लागतो तो कायमचा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो, आणि तो उष्णतेने मोडतो. साधारण अर्धा तास पाण्यात उकळायचं, साल काढायचं, खडखडीत वाळवायचं, मग दळायचं. वासही त्यानेच जातो. त्या घटकाचं ट्रिप्सिन इनहिबिटर हे नाव आम्ही पाठ केलं होतं. अर्ध्या तासाची उकळी मात्र कोणी दाखवली नाही.

संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडू होतो, त्यामागचा लिमोनिन हा पदार्थ संत्र्याच्या पट्ट्यातल्या, वरुड-मोर्शीच्या पोरींना शिकवायचा नाही तर कोणाला? पण पुढे जाते, कारण मला लाखोळी या डाळीच्या पिकावर जास्त लिहायचं आहे.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात धान उभा असतानाच ओलीवर लाखोळी फेकतात. पैसा लागत नाही, मशागत लागत नाही, धान कापून झाल्यावर उरल्या ओलीवर पीक येतं. कोवळी भाजी खाल्ली जाते, डाळ खाल्ली जाते, जनावरांनाही होते. तीच डाळ बाहेर खेसरी म्हणून ओळखली जाते आणि २०११ च्या केंद्रीय नियमांनी तिच्या विक्रीवर बंदी आहे. तिच्यात ओडॅप नावाचा विषारी घटक असतो. दुष्काळात, दुसरं काहीच न मिळाल्याने माणसं महिनोन्‌महिने फक्त तीच खात राहिली की पाय लुळे पडतात. त्या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. दुसऱ्या बाजूला, कमी ओडॅपचे रतन, प्रतीक, महातेवडा असे वाण कृषी संशोधकांनी काढले आहेत आणि २०१६ मध्ये आयसीएमआरच्या समितीने त्यांना अनुकूलता दाखवली. म्हणजे वावरात आहे, ताटात आहे, कायद्यात नाही, आणि शास्त्रज्ञ म्हणतात प्रमाण बघा. लाखनी-साकोलीकडच्या एखाद्या कॉलेजात अन्नशास्त्र शिकणाऱ्या मुलीसाठी याहून मोठा विषय कोणता? विष म्हणजे काय, मात्रा म्हणजे काय, बंदी कोणासाठी, गरीब माणूस एकच धान्य का खात राहतो, शिजवताना भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकलं तर काय फरक पडतो. तिच्या आजीला विचारण्यापासून सुरुवात करता येईल. आमच्या पुस्तकात ‘भेसळ’ या तक्त्यात एक ओळ होती : तूरडाळ, भेसळ खेसरी. संपलं.

तूरडाळीत किंवा बेसनात खेसरी आहे का, हे पाहायचं तर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात नमुना टाकून गरम पाण्यावर सुमारे पंधरा मिनिटं ठेवतात. गुलाबी रंग आला की शंका घ्यायची. तापवण्याच्या आधीच, आम्ल पडताक्षणी रंग आला तर प्रकरण वेगळं, तिथे मेटॅनिल यलो हा अखाद्य रंग असू शकतो. हळदीत गंमत अशी की चोख हळदही आम्लाने लालसर-गुलाबी होते. फक्त वरून पाणी ओतलं की तो रंग निघून जातो. पाणी ओतूनही राहिला तर हळदीत गडबड. आमच्या जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा तिच्या नावावर काय काय खपवलं जातं ते सांगायला नको. ही चाचणी मी आमच्या बाजारात टेबल मांडून केली आहे. काचेच्या नळीत गुलाबी रंग चढला तशी पुढची बाई मागे सरकली. “बाई, इख हाय का त्याच्यात?” मी पाणी ओतलं, रंग गेला. मग तिनेच पदराची गाठ सोडली, आताच घेतलेली पुडी पुढे केली : “आता माह्यी पाहा.” तिच्यामागे रांग लागली. शेजारच्या हळदवाल्याचं तोंड कडू झालं होतं, पण त्याचा माल चोख निघाल्यावर त्यानेच ओरडून गिऱ्हाईक बोलावलं.

हे एकटीने करण्याचं काम नाही, आणि प्रयोगशाळेच्या तपासणीची जागा ही नळी घेऊ शकत नाही, तेही मला माहीत आहे. पण अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा खरेदीदारही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो आणि माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते, हे बाजारातल्या किती जणींना ठाऊक आहे? ग्राहक आयोगात आता राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, हे? तिसऱ्या वर्षाच्या वीस मुली महिन्यातून एकदा आपल्या तालुक्याच्या बाजारात बसल्या तर हे सांगून होईल. जाता-येता वजनकाट्यांवरचे वैधमापनचे, म्हणजे सरकारी तपासणीचे शिक्केही पाहतील. कापसाच्या हंगामात तर मुद्दाम पाहावेत. खेडा खरेदीवाला दारात येतो, काटा त्याचा, माप त्याचं, आणि काटा मारला की क्विंटलमागे किती गेलं हे मोजायला घरात कोणी नसतं.

हिशेबाचं एक उदाहरण देते, कारण कुटुंबाचं अर्थनियोजन हाही तुमचाच पेपर आहे. दहा हजारांचं कर्ज, ‘फक्त १२ टक्के’ व्याज, वर्षभरात बारा हप्ते. दहा हजारांवर बाराशे, झाले अकरा हजार दोनशे, हप्ता ९३३ रुपये. गटातल्या बायकांना हे स्वस्त वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर धरलंय. खरा दर पडतो साधारण साडेएकवीस टक्के. हे गणित मी गटात खडूने भिंतीवर मांडलं. ज्या बाईने चौथीत शाळा सोडली, तिला ते सगळ्यात आधी समजलं.

तुम्ही म्हणाल, मुलींना गावात पाठवायचं कसं, जबाबदारी कोणाची. दुसऱ्या शाखांनी हे केव्हाच केलं आहे. कृषी महाविद्यालयांची मुलं शेवटच्या वर्षी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात येतात, बीजप्रक्रिया करून दाखवतात, ‘कृषिकन्यांनी केले मार्गदर्शन’ अशी बातमी फोटोसकट छापून येते. बातमीवर हसायचं तर हसा, पण त्या मुली गावात येतात हे खरं आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १९६९ पासून चालत आलेल्या त्या संस्थेत, प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक असतं. पहिल्याच वर्षी मुलं तिथे शिबिराला राहतात, घरं वाटून घेतात आणि पुढे त्या घरांकडे जात राहतात. डॉक्टर होणाऱ्याला गाव लागतं, शेतीची पदवी घेणाऱ्याला लागतं. अन्न आणि ग्राहक शिकणारीला बेकिंगचं प्रात्यक्षिक पुरतं, हे कोणी ठरवलं?

अडचण आणखी एक आहे आणि ती वेळापत्रकाची. तुमचं सत्र जून-जुलैत उघडतं, प्रवेश त्यानंतरही चालूच असतात. मुली वर्गात बसतात तोवर सोयाबीन वावरात हातभर झालेलं असतं. बियाण्याची खरेदी, उन्हाळी वाळवणं, हळदीची शिजवण, संत्र्याचा मृग बहार, यांतलं जवळपास सगळं तुमच्या परीक्षेत, निकालात आणि सुट्टीत निघून जातं. मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ ला टेकतो, मान्य. पण कुरडया आणि मुगवड्या त्याच उन्हात होतात, वाळवण म्हणजे काय ते पंख्याखाली शिकता येत नाही. क्षेत्र प्रकल्पाचे क्रेडिट मे महिन्याच्या शेवटच्या दोन आठवड्यांना जोडा, इतकीच विनंती.

नोकरीबद्दल थोडक्यात. अन्न सुरक्षा अधिकारी होण्यासाठी २०११ च्या मूळ नियमांत पात्रतेची यादी आहे : अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, तेल तंत्रज्ञान, कृषी, पशुवैद्यक, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र यांतली पदवी, नाहीतर रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी किंवा वैद्यकीय पदवी. या ओळीत गृहविज्ञान हे नाव नाही. समकक्षतेची वाट कायद्यात ठेवलेली आहे, पण ती वाट फॉर्म भरायला बसलेल्या पोरीने एकटीने शोधायची का? कोणत्या पेपरात तिने अन्नरसायन केलं, कोणत्यात सूक्ष्मजीवशास्त्र, हे गुणपत्रिकेवर स्वच्छ दिसू द्या आणि विद्यापीठाने एकदाच काय ते समकक्षतेचं प्रकरण वर नेऊन धसास लावावं. केंद्राच्या २०२० च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत एकेका लहान उद्योगाला ३५ टक्के, कमाल दहा लाखांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. गटांचे प्रस्ताव करून द्यायला माणसं लागतात. आमच्या शाखेतल्या मुलींना हे काम जमेल. त्यांना एकदा तरी प्रकल्प अहवाल करायला लावा, खऱ्या गटाचा, खऱ्या आकड्यांचा.

आणि आईबाप. “सैपाक शिकाले कॉलेजात कायले जा लागते?” हे मी ऐकलं, आजही ऐकते. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. बारावीपर्यंत पोरीला एसटी फुकट असते, पुढे पासचे पैसे लागतात, आणि घरी येऊन ती केकची कृती सांगते. बाप काय म्हणणार? तीच पोरगी सोयाबीनच्या पिशवीवरचा हिरवा टॅग पाहून “बाबा, पक्कं बिल घ्या आणि मूठभर बियाणं डब्यात ठेवा” असं म्हणाली, तर धाकटीचा फॉर्म भरताना तो एवढा अडून बसणार नाही.

आमच्या गटाची शेड, चक्की, वजनकाटा आणि ड्रायर तुमच्या विद्यार्थिनींसाठी मोकळा आहे. वीसेक मुलींची राहायची सोय गावातल्या घरांत होईल, गटातल्या बायकांशी माझं बोलणं झालं आहे. संडास आहे, पाणी एक दिवसाआड येतं, लाइटचा भरवसा नाही. आम्ल, काचेच्या नळ्या आणि हातमोजे कॉलेजने आणावेत. गोणपाट आमच्याकडे भरपूर आहे. सोबत एक प्राध्यापिका पूर्ण वेळ मुक्कामाला हवी, फक्त उद्घाटनाला आणि फोटोला नको. यायचं ठरलं तर बियाण्याची दुकानं गर्दीने भरायच्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कळवावं, म्हणजे कृषी केंद्रवाल्याशी आधीच बोलून ठेवता येईल. तो थोडा तापट आहे.

आपली,
गृहविज्ञान शाखेची एक माजी विद्यार्थिनी
जिल्हा वर्धा